चिलखती गाडीचं दार

आमच्या ह्यांना ओळखीचे सगळे ‘रिव्हेटवाले’ म्हणतात. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि जेवणाचं अर्धं टेबल बळकावून युद्धातल्या चिलखती गाड्यांची छोटी मॉडेलं करायला लागले. त्याही सगळ्यांना माहीत असलेल्या नाहीत, जगात एक-दोनच बनलेल्या. माझा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या गाडीच्या नाकावर पत्रे जोडणारे किती रिव्हेट ते झोपेतही सांगतील.

गेल्या वर्षी संग्रहालयाने त्यांना काम दिलं. युद्धाच्या काळात इथल्याच वर्कशॉपमध्ये अशी एक गाडी बनली होती. आता उरलाय फक्त तिचा आराखडा आणि एक धुरकट फोटो. आठ महिने खपून ह्यांनी ती उभी केली. बाजूला इवलंसं दार, त्याला केसाएवढ्या बिजागऱ्या. नावं ठेवण्यात मी पटाईत, पण मीही बघत राहिले.

उद्घाटनाला आठ दिवस असताना पेपरात मॉडेलचा फोटो बघून एक बाई घरी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत. त्या गाडीच्या ड्रायव्हरची मुलगी.

“गाडी पेटली तेव्हा बाबा वरच्या झाकणातून बाहेर आले,” त्या म्हणाल्या. “आतले दोघं गेले. लोक म्हणाले, बाजूचं दार न उघडता हा पळाला. बाबा मरेपर्यंत सांगत होते, दार नव्हतंच. पण आराखड्यात दार आहे ना! कोण ऐकणार? आता तुम्हीही दार केलंत.”

हे ताठ झाले. “बाई, मी पुराव्याशिवाय टाचणीसुद्धा टोचत नाही.”

“मग पुरावाच बघा,” म्हणून त्या उठल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

हे दुपारभर आराखडाच उलटसुलट करत बसले. शेवटी मीच म्हटलं, “अहो, बघायला काय जातंय?”

“आठ महिने जातायत!” हे खेकसले. पण भिंग घेतलं.

फोटोत गाडीच्या बाजूला जादाचं चाक टांगलेलं होतं. ते दारावरच टांगलंय असं हे धरून चालले होते. आता पुटपुटले, “एवढं वजन दारावर? बिजागरी चार दिवसांत निखळेल.” मग चाकाच्या वर रिव्हेट मोजायला लागले. जिथे दाराची वरची कड हवी, तिथून रिव्हेटची ओळ सरळ पुढे गेली होती, न तुटता. पत्रा अखंड होता. युद्धाच्या घाईत वर्कशॉपने दार गाळलं असणार, आराखडा मात्र तसाच राहिला.

“जन्मभर रिव्हेट मोजले,” हे म्हणाले, “आणि इथे कागदावर विसंबलो.” मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी दार कापून काढलं आणि नवा पत्रा बसवला.

उद्घाटनाच्या दिवशी काचेची पेटी बंद व्हायच्या आधी ह्यांनी बाईंना पुढे बोलावलं. चाक अलगद काढून हातात धरलं. “बघा हात लावून.”

बाईंनी बाजूवरून बोट फिरवलं. पुढून मागे, मग पुन्हा मागून पुढे.

“नव्हतंच दार,” हे म्हणाले. “तुमचे बाबा खरं बोलत होते. माझी चूक झाली.”

त्यांनी मान हलवली. बोट तिथेच होतं.

“त्या दोघांना वरून ओढायला गेलेले बाबांचे हात कोपरापर्यंत भाजलेले होते हो,” त्या म्हणाल्या. “तरी मीसुद्धा एकदा विचारलं होतं त्यांना, दार का नाही उघडलंत म्हणून.”