बायांच्या गेटवरची

आमच्या टॉकीजमध्ये बायांच्या गेटवर बसायची ती माझी बायको. गावात तिला सगळे गेटवालीच म्हणत, मीही म्हणायचो. आवाज असा, की आत सिनेमा चालू असला तरी पानठेल्यावर हिचंच ऐकू यायचं. "ए भाऊ, तुह्या मिशा दिसून राह्यल्या मले! ही बायांची बाजू आहे!"

पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या बाया बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ बघायला यायच्या. त्यांची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आत सुटायची. वाघाचं रान, उठावंच लागायचं. पुढच्या बाजाराला त्या गेटवर हजर. "बाई, मंग काय झालं त्या पोरीचं?" ही सांगायची, पण सपशेल खोटं. सिनेमात मेलेली सगळी माणसं ही जिवंत करायची.

मी म्हटलं, "खोटं काऊन सांगून राह्यली?"

"तुमचं काय जाते? उतरल्यावर दोन कोस पायी जाते त्या. रडत काऊन धाडू?"

मग टॉकीज बंद पडली. खुर्च्या भंगारात गेल्या, जमिनीचा उतार बुजवला, आणि मालकाने इमारत धानाच्या गोदामाला दिली. मी तिथे पोस्टर चिकटवायचो, मी सुटलो. ही झाडू घेऊन आत गेली. म्हणाली, "माह्या घरी कोणी येऊन बसलं म्हणून मी घर सोडू का?"

धानाचा भुसा, पोत्यांची धूळ. वर्षभरात खोकला लागला. डॉक्टरने साफ सांगितलं, तिथे जाऊ नका. मी एकदाच म्हटलं, "सोड आता." तर म्हणते, "मंग दिवसभर तुमचं तोंड पाहत बसू?" मी हसलो. हसायला नको होतं, झाडू हिसकून घ्यायला पाहिजे होता. अजून दोन वर्षं ती तोंडाला पदर बांधून झाडत राहिली. पदराने धूळ अडत नाही, हे मला दिसत होतं.

मागच्या थंडीत गेली.

परवा तिचा डबा आणायला गोदामात गेलो. धान विकायला आलेल्या बाया आपापल्या पोत्यांवर बसून नंबराची वाट पाहत होत्या. एका म्हातारीने ओळखलं. "भाऊ, गेटवाली बाई नाई दिसत?"

मला गोड बोलता येत नाही. "मेली," मी म्हटलं. "याच धुळीनं."

ती पोत्यावर थोडी सरकली, मला जागा केली. मी बसलो. तिच्या नंबराचा पुकारा झाला, तरी उठली नाही. मागच्या बाईला म्हणाली, "तू हो पुढं."