बूट बसवणारे मामू

मामूंनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त सुरमईच्या अंगावर. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी सौदीतल्या जिझानच्या बंदरात मासळीच्या पेट्या भरत होते. पुढे रियाधला खेळाच्या सामानाच्या एका दुकानात लागले, तिथल्या लेबनानी उस्तादाकडून काम शिकले आणि वाळवंटात बसून लोकांच्या पायांना स्कीचे बूट बसवून देऊ लागले. त्यांचं खरं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं.

गिऱ्हाईक आलं की बूट नंतर, प्रश्न आधी. "चढणार किती, उतरणार किती? खरं सांगा." लोक इथेच थापा मारत. एका सौदी तरुणाला सगळ्यात हलके, डोंगर चढायचे बूट हवे होते. मामूंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, स्वारी आजवर तारेवरच्या पाळण्यात बसूनच वर गेली आहे. "हलका बूट चढताना बरा वाटतो, उतरताना आई आठवते," मामू मला नंतर म्हणाले. त्याला अरबीत काय सांगितलं कोण जाणे, पण तो हसत हसत जड जोड घेऊन गेला.

मला मात्र दोन्ही हवं होतं. कॉलेजसाठी घर सोडण्याआधी माझ्या मुलीला, इराला, माझ्याबरोबर जॉर्जियातला एक डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा होता. आधी दोन दिवस नेहमीचे उतार, मग चढाई. दोन वर्षांपूर्वी माझा घोटा मोडला होता, आत धातूची पट्टी आहे. इराला मी सांगून टाकलं होतं की आता काही दुखत नाही.

"एक नंबर मोठाच द्या, जाड मोजे घालता येतील," मी म्हणाले. लहानपणापासून आमच्या घरी पादत्राणं अशीच घेतली जात. मामू वैतागले. "ताय, शाळेचे बूट घेताय काय? टाच आत नाचली तर उतरताना वळणार कशा?" त्यांनी बुटातला मऊ भाग काढून नुसत्या कवचात माझा पाय घातला आणि टाचेमागे बोटं सरकवून पाहिली. मग मधल्या वजनाचा एक जोड काढला. मागची कळ वर केली की घोटा चालायला मोकळा, खाली केली की उतरायला घट्ट. "दोनी कामांना शंभर टक्के कुठलाच नाय. तुमचं उतरणं कच्चं, म्हणून वाईच जड देतो."

आणि मग त्यांची ती प्रसिद्ध परीक्षा. बूट घालून मॉलच्या पार्किंगचे चार मजले जिन्याने चढायचे. मी, इरा आणि मामू अशी आमची वरात खडखडत निघाली, वॉचमन बघतच राहिला. दुसऱ्या मजल्यावर माझा घोटा ठणकू लागला. मी हसत राहिले. मामूंनी इराला चहा आणायला पिटाळलं आणि ते माझ्यासमोर पायरीवर बसले.

"पोरीसमोर दुखत नाय बोलता, ते तुमचं घरचं. पण माज्यासमोर खोटं बोललात तर बूट कसा करू?"

मला रडूच फुटलं. अजून दुखतं हे दोन वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. त्यांनी घोट्यावर पेनाने नेमकी खूण केली. त्या जागी कवच तापवून बाहेर फुगवलं. तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे मी चौथा मजला गाठला. अशा माणसावर जीव जडतो.

त्या हिवाळ्यातच मामू इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द करून कायमचे गावी गेले. "खलास ताय, आता नातवंडांचे पाय बगतो," म्हणाले.

आम्ही जॉर्जियाला गेलो. चढाईच्या दिवशी दोन तास बरे गेले, मग घोटा बोलू लागला. सवयीप्रमाणे मी हसायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "इरा, दुखतंय. थांबू या."

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी पाठीवरची पिशवी टाकून बर्फातच बसली. "मग बस ना गं आई. घाई कोणाला आहे?"

दुपारी खिंडीत पोचलो. तिथे रेंज होती. मी मामूंना फोन लावला.

"दुखलं काय?"

"दुखलं."

"पोरीला बोललात?"

"बोलले."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"झाक. आता बकलं घट्ट करा आणि पोरीच्या मागून सावकाश उतरा."