शहाडहून आणलेली भट्टी

मी शाळेत फिजिक्स शिकवलंय, तेही नववी-दहावीला. त्यामुळे ह्या ग्रुपवरचे अमानवीय किस्से मी आजवर चहाबरोबर वाचायचे आणि मनातल्या मनात मार्क कापायचे. आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा... हल्ली तसंही मला फारसं काही वाटत नाही.

राहायला डोंबिवली पूर्वेला. रिटायर झाल्यावर पॉटरीचा क्लास लावला. आमचे हे तेव्हा आजारी होते, पण बरं वाटत असलं की क्लासला येऊन नुसते बसायचे. एकदा मीच मातीचा गोळा त्यांच्या हातात दिला. हात थरथरत होता, तरी त्यांनी एक कप केला. वाकडाच झाला, आणि एका बाजूला अंगठा रुतून खळगा पडला. मला म्हणाले, "भाजून आण. मग मला ह्यातच चहा दे."

ते राहूनच गेलं. आधी हॉस्पिटल, मग... असो. कप कच्चाच राहिला. कच्ची माती म्हणजे पाणी लागलं की विरघळणार. क्लासच्या भट्टीत द्यायचा धीर होईना, कारण तिथे कुणाचं तरी भांडं फुटायचं आणि शेजारच्यांनाही घेऊन जायचं. ह्यांच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. म्हणून ठरवलं, स्वतःची छोटी इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची, सेकंडहँड, आणि तिच्यात पहिला हा कप भाजायचा. हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. नातेवाईक म्हणाले, किती धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा, आतून सगळं बधिर झालं होतं.

मुलगा ओंकार ठाण्याला असतो. त्याला घेऊन भट्ट्या बघत फिरले. एक एमआयडीसीत, बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये. कॉइल लोंबत होत्या, आतल्या विटांना बोट लावलं की भुगा. दुसरी ठाण्यातल्या एका जोडप्याची, अगदी चकचकीत, पण आमच्या लिफ्टमध्ये मावली नसती. तिसरी शहाडला, भोईरकाकांच्या घरी. त्यांच्या बायकोची भट्टी, आणि ती बाई नुकतीच गेलेली. विटा शाबूत, कॉइल जागच्या जागी, झाकण घट्ट बसणारं. फक्त प्लग जळला म्हणून काकांनी वायर कापून टोकाला काळी टेप गुंडाळली होती. ओंकार म्हणाला, वायरचं काय एवढं, इलेक्ट्रिशियन बदलून देईल. घेतली.

टेम्पोत चढवायच्या आधी काकांनी झाकण उघडलं आणि आत मूठभर तांदूळ ठेवले. शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो ना? त्यांची बायको भट्टीचंही तसंच करायची. भाजायचं नसलं तरी आत काहीतरी ठेवल्याशिवाय झाकण लावायची नाही. काका सगळ्यांनाच अरे-तुरे करणारे, मला म्हणाले, "ताई, हिला रिकामी नको ठेवू." मी हो म्हटलं. उगाच कशाला म्हाताऱ्याचं मन मोडा.

भट्टी बाल्कनीत बसवली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मीटरपासून वेगळी लाइन ओढावी लागेल. त्याला सोसायटीची परवानगी हवी, आणि सेक्रेटरी गावाला गेलेले. म्हणजे भट्टी नुसती ठेवलेली. प्लग नाही, वायरच्या टोकाला तीच काळी टेप. तांदूळ मी चिमण्यांना घातले आणि आत ह्यांचा कप ठेवला. काकांनी सांगितलं म्हणून नाही हं. आमच्या कामवाल्या बाईंचा ओला फडका घरभर फिरतो, त्यापासून लपवायला ती जागा बरी वाटली.

पुढे एकदा दुपारी झाकणावरची धूळ पुसता पुसता सहज आत बघितलं. कप लाल होता.

ठेवला तेव्हा मळकट राखाडी होता. आता माठासारखा लाल. भट्टी थंड, विटा थंड, वायर तशीच टेप गुंडाळलेली. कप बोटाने वाजवला, तर टण् आवाज आला. कच्ची माती अशी वाजत नाही. आकारही जरा लहान झाला होता, भाजल्यावर माती आक्रसते तसा. अंगठ्याचा खळगा जिथल्या तिथे. पाणी भरून ठेवलं. बाहेरून किंचित पाझरलं, पण कप विरघळला नाही.

ओंकारला फोन केला. तो आला, भट्टीच्या मागे-खाली सगळीकडे डोकावला. मग हळूच म्हणाला, "आई, तूच क्लासमध्ये नेऊन भाजून आणला असशील. तुझं लक्ष कुठे होतं ह्या दिवसांत?" लक्ष नव्हतं हे खरंय. म्हणून क्लासच्या बाईंना विचारलं. त्यांनी तो कप ह्यांनी केला त्यानंतर पाहिलाच नव्हता.

ओंकार गेल्यावर मी चहा टाकला. ह्यांना लागायचा तसा, आलं जास्त, साखर कमी. त्या कपात ओतून ह्यांच्या खुर्चीसमोर ठेवला. थोड्या वेळाने मीच प्यायले. आणि रडले. शेजारी ऐकू जाईल इतकी रडले.

मग भोईरकाकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याकडे कधी नाही तापली ती." बायकोने शेवटी केलेली एक कच्ची पणती त्यांच्याकडे होती. बायको गेल्यापासून रोज ते ती पणती आत ठेवून झाकण लावायचे आणि सकाळी उघडून बघायचे. शेवटी कंटाळून भट्टी विकली. मी म्हटलं, पणती घेऊन या.

रुमालात गुंडाळून आणली. स्वतःच्या हाताने आत ठेवली, झाकण लावलं. चहा नको म्हणाले. चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बटण दाबून भाजलीस, तर मला नको सांगू."

त्यानंतर परवानगी मिळाली, लाइन आली, नवी वायरही लागली. काका अधूनमधून फोन करतात. पाणी आलं का, गुडघा कसा आहे, असलं विचारतात, पणतीचं नाव काढत नाहीत. मी रोज सकाळी झाकण उघडून बघते. आजही ती कच्चीच होती. बटण दाबलं तर उद्यापर्यंत लाल होईल, आणि काकांना कधीच कळणार नाही. मला कळेल.

अजून दाबलेलं नाही.