खुर्चीखालचा स्पीकर

स्पीकर झाडाला बांधतात, खांबाला बांधतात, लग्नात मांडवाच्या टोकाला बांधतात. पण माणसाच्या बुडाखाली? आमच्या ह्यांनी जेवता जेवता ती गोष्ट काढली, तेव्हा भाकरी तव्यावरच राहिली आणि मी वळून बघतच बसले.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नांदुऱ्यात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कापूस घरात आला की गावाबाहेर तंबूचा सिनेमा यायचा. ह्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदबाईंना, सिनेमाचं भारी वेड. पण आदल्या वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलायच्या आधीसारख्याच, ऐकू मात्र ठार येत नव्हतं. सिनेमाला चला म्हणून खूण केली की म्हणायच्या, "नुसते हालते ओठ पाहाले काय जाऊ?"

एकदा दुकानात वाजत्या रेडिओवर त्यांचा हात पडला आणि तोंडभर हसल्या. "भाऊ, हा तं वाजून राह्यला!" तिथून ह्यांच्या डोक्यात ते शिरलं. बहिणीच्या खुर्चीखालीच स्पीकर लावायचा, म्हणजे सिनेमा तिला अंगानं कळेल.

तंबूवाला लगेच तयार झाला. इतका लगेच, की मला तिथंच शंका आली. हलती खुर्ची पाहायला गर्दी होणार, त्याचं काय जातंय?

"काही होनार नाई," हे म्हणाले.

"काऊन नाई होनार?"

"मी बांधून राह्यलो म्हणून."

"तुम्ही बांधून राह्यले म्हणून तं इचारते!"

ह्यांनी जुन्या रेडिओतला मोठा स्पीकर काढला आणि लोखंडी खुर्चीच्या बैठकीखाली आवळला. कशानं? तर रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठीला बांधतात त्या लोखंडी पट्टीनं. आमच्या गावात जिनिंग-प्रेस इतक्या, की खाट मोडो नाहीतर दार निखळो, पट्टी आणायची आणि आवळायची. दुसरं काही कोणाला सुचतच नसे. त्या पट्टीची धार माझ्या बोटांनी दोनदा चाखलेली. आणि तार तिच्याच खालून नेलेली!

"हे पट्टी तार कापून टाकन," मी म्हटलं.

"तू सैपाकाचं पाहाय."

संध्याकाळच्या खेळाला गेलो. धूळ बसावी म्हणून तंबूत पाणी शिंपडलेलं, जमीन ओली, बायकांच्या चपला बाहेर. बाई अनवाणी खुर्चीवर, मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर, हे मशीनपाशी. पडद्यावर ढग गडगडले आणि बाई ओरडल्या, "अव माय! गरजलं व वहिनी!"

"हळू व बाई," मागून कोणी म्हणालं, "आमचे कान शाबूत हायेत!" अख्खा तंबू हसला. मला काही हसू येईना. प्रत्येक गडगडाटाला खुर्चीखाली पट्टी करकर घासत होती, आणि माझं सगळं ध्यान त्या करकरीत.

मग रीळ संपलं. दुसरं चढवेपर्यंत दिवा लागला, आवाज बंद, पट्टीही गप्प. बाई मात्र खुर्चीच्या हातावर तळवा टेकवून तशाच खूश.

"अजून वाजून राह्यलं," त्या म्हणाल्या. "बारीक झालं आता. मुंग्या आल्यावानी."

वाजत तर काहीच नव्हतं!

खुर्चीला हात न लावता मी ओरडले, "अहो, बंद करा! खुर्चीत करंट उतरला!"

"अव, ते आवाजाचं..."

"आवाज कुठी हाये?"

ह्यांचा चेहराच उतरला. बटण बंद झालं तसं मी बाईंना दंडाला धरून उठवलं. हे खुर्चीखाली शिरले. पट्टीनं तारेवरचं कापड कापून आतलं तांबं खुर्चीला टेकलेलं. त्या जुन्या स्पीकरात कायमचं चुंबक नव्हतं. वीज देऊनच ते तयार व्हायचं, म्हणून आवाज असो की नसो, तारेत वीज खेळतीच. अजून थोडं घासलं असतं, तर बाई तिथंच राहिल्या असत्या.

मी बाईंना उघडं तांबं दाखवलं. वाकून त्यांनी ते नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग नीट बांध ना बे भाऊ! मी काही सिनेमा सोडनार नाई."

दुसऱ्या दिवशी लाकडी खुर्ची आणली. स्पीकरही वेगळा, स्वतःचं चुंबक असलेला. बैठकीला भोकं पाडून बोल्ट, मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर, हादऱ्यानं ढिले होऊ नयेत म्हणून एकावर एक दोन नट. तार जरा सैल सोडून, कशाला घासणार नाही अशी, पायांपासून दूर नेली. पट्टी मी घरूनच निघू दिली नव्हती.

"आता तुम्ही बसा," मी ह्यांना म्हटलं. "अनवानी. ओल्यात पाय ठेवून."

"वहिनी, पोलिसात भरती काऊन नाई झाल्या तुम्ही?" तंबूवाला म्हणाला.

"ह्यांचं झालं की तुम्ही बसा," मी म्हटलं.

आवाज लावून, आवाज बंद करून हे बसले. मग मी बसले. त्यानंतरच बाईंना बसू दिलं.

तरी माझा जीव काही थाऱ्यावर येईना. सगळा खेळभर मी पडद्याकडे पाठ करून बसले. बाईंच्या तोंडाकडे बघायचं, मग तारेकडे, मग रीळ बदलताना नट चाचपायचे.

घरी जाताना बाईंनीच मला सिनेमाची गोष्ट सांगितली. कोण खोटं बोललं, कोणी कोणाला काय सुनावलं, सगळं. अर्ध्याहून जास्त बोलणं त्यांनी मनचंच घातलं असणार. पण तसं म्हणायची सोय नव्हती. मी त्यातला एक शब्द ऐकला असेल तर शपथ.