नास्तिक नानांची मूठ

आमच्या घरात देवाबद्दल सर्वांत जास्त बोलणारा माणूस नास्तिक होता. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे नाना. धुळ्याच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. देव आहे की नाही यावर एकोणिसाव्या शतकात परदेशी विद्वान जे भांडले, ते नानांना शेताच्या बांधावरच्या भांडणासारखं तोंडपाठ होतं. कोण कोणाला काय म्हणाला, हे ते कालच ऐकून आल्यासारखं सांगत.

भाजीवाला "देवाच्या दयेनं पाऊस बरा शे" म्हणाला की नाना पिशवी खाली ठेवत. "पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं हेच पाप, असं एक इंग्रज सांगून गेलाय." भाजीवाला शांतपणे विचारी, "सर, मेथी लेवानी शे का नही?" मेथी घरी पोचेपर्यंत सुकलेली असे.

जेवताना बोलण्यात एक जर्मन यायचा. माणसानं आपलेच चांगले गुण आभाळात नेऊन टांगले आणि त्यांना देव म्हटलं, हे त्याचं म्हणणं. नाना ते इतक्या भक्तिभावानं सांगत, की ऐकताना मला हात जोडावेसे वाटत.

गावी सोनगीरला माझ्या सासूबाई, म्हणजे नानांच्या आई अक्का, हे सगळं निमूट ऐकून घेत. खटका उडाला तो कानबाईच्या रोटांवरून. तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते. श्रावणात आपली खानदेशची देवी कानबाई घरी बसते, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजून घेतात, मग तो गावात असो की परदेशात. त्या पिठाचे रोट फक्त कुळातल्यांनी खायचे आणि संपवायचे. एका वर्षी नानांनी जाहीर केलं, "अक्का, माझी मूठ घेऊ नकोस. देव न मानता रोट खाणं म्हणजे अप्रामाणिकपणा."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि खरंच घेतली नाही.

नानांची तयारी वादाची होती. पंगतीत सगळ्यांच्या ताटात रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि नानांपुढे साधी पोळी. शेजारी आमचे धाकटे जावई, त्यांनाही पोळीच. ते आनंदानं म्हणाले, "नाना, आपण दोघं बाहेरचे!"

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी ताबडतोब एका अमेरिकनाला मदतीला बोलावलं. "अक्का, जिथं पुराव्यानं निकाल लागत नाही आणि निर्णय टाळताही येत नाही, तिथं माणसाला विश्वास ठेवायचा हक्क आहे, असंही एकानं म्हटलंय."

"म्हंजे तू आते देवले मानस?"

"नाही."

"मंग?"

"मी तुझा मुलगा आहे, एवढं मानतो."

"त्याना पुरावा मी शे," अक्का म्हणाल्या, आणि आपल्या ताटातला अर्धा रोट तोडून त्यांना वाढला.

पुढे अक्का गेल्या, मग तुमचे आजोबाही. घरातले आस्तिक एकेक करून पुण्याला स्थायिक झाले. देव मनात असला म्हणजे झालं, असं म्हणत त्यांनी श्रावणातला सोनगीरचा फेरा बंद केला. नाना मात्र दर वर्षी धुळ्याहून एसटीनं येत, गहू निवडत, मुठी मोजत, आणि कानबाई ही केवळ कल्पना आहे, हे कानबाईपुढेच बसून मला समजावत.

"मग येता कशाला?" मी एकदा विचारलं.

"मानणाऱ्यांना सुटी असते," ते म्हणाले. "देव त्यांना समजून घेतो. मला कोण समजून घेणार?"

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी त्यांना देवाचं नाव घ्यायला सांगितलं होतं. नाना म्हणाले, "आयुष्यभर दुसरं काय केलं?"

यंदा कानबाईला मी एकटीच होते. गेलेल्या माणसाची मूठ घ्यायची नसते, म्हणून नानांची घेतली नाही. तुमच्या सगळ्यांच्या घेतल्या, मुलींच्यासुद्धा. रोट कुळाबाहेर देता येत नाहीत, टाकता तर मुळीच येत नाहीत. तेव्हा तुमच्या वाटचे मी रोज दुधात कुस्करून खाते आहे.

पुढच्या श्रावणात या. देव मानता की नाही, ते मी विचारणार नाही.