हेरबाईसाठी बोललेला नवस

हळद निघाली की आमच्या अंगणात ढीग पडायचा आणि घरच्या बाया हळकुंडं मोडायला बसायच्या. मला त्या कामाचा भारी कंटाळा. तोडगा काकूनं काढला: मी पुस्तक वाचून दाखवायचं, माझ्या वाट्याची हळद ती मोडणार. काकू शाळेची पायरी चढली नव्हती, पण ऐकायची हौस दांडगी. पोथ्या तिला पाठच होत्या, तिला हव्या होत्या हेरकथा. नव्वदच्या दशकात मी हिंगोलीला कॉलेजात होते. तिथल्या वाचनालयातून मी विलायती हेरांचे मराठी अनुवाद घेऊन आमच्या गावी, गोरेगावला यायचे.

एका वर्षीची हेर धोबीण होती. शत्रूच्या अधिकाऱ्यांचे कपडे धुता धुता कोण कुठं निघालाय ते ओळखायची. काकू बेहद्द खूश.

"बराबर हाय. धुण्यावरून सगळं घर कळतंय," ती म्हणाली.

धोबीण पकडली गेली, तेव्हा काकूनं हळद खाली ठेवली आणि औंढ्याच्या दिशेनं हात जोडले. "नागनाथा, सुटू दे रे बापा तिला. नारळ फोडीन."

मी शेवट आधीच चोरून वाचला होता. पहाटे नदीकाठी तिला गोळी घालतात. पण काकूच्या त्या पिवळ्या हातांकडं बघून माझी जीभच वळेना. मग मी पहारेकऱ्याला झोपवलं, धोबिणीला नावेत बसवलं आणि हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून एका भल्या अधिकाऱ्याशी तिचं लग्नही लावून दिलं. बाया खूश झाल्या. सोमवारी काकू खरंच औंढ्याला जाऊन नारळ फोडून आली. प्रसादाचं खोबरं मी हळूच दुसऱ्याच्या हातावर ठेवलं. खोटं बोलले ते बोलले, वर देवालाही त्यात ओढलं!

पुढं दहाएक वर्षांनी घरात सीडी प्लेअर आला. हिंगोलीच्या एसटी स्टँडजवळ एका गाड्यावर मला त्याच कादंबरीवरचा पिक्चर दिसला, हिंदीत बोलणारा. हरखून घेतला. जीपमध्ये बसल्यावर शेवट आठवला. सीडी लपवणार होते, पण वेष्टनावरची धोबीण काकूनं दारातच ओळखली.

पिक्चरमधल्या धोबिणीचे ओठ लालभडक, नखं लांब. काकूला राहवेना.

"हिच्या हाताला कधी सोडा लागलाय व्हय? अन् सगळा बाजार वळून बघून राहिला हिच्याकडं. असा हेर असतो काय?"

मी हसत होते, पण लक्ष सगळं शेवटाकडं. नदी आली. बंदुका रोखल्या गेल्या. मी डोळे मिटले. उघडले तर काय, बाई नावेत! शेजारी अधिकारी, वर सनईसारखं काहीतरी वाजतंय. मी जिंकले! आनंदानं टाळ्याच पिटल्या.

काकू शांतपणे म्हणाली, "पिक्चरवालेबी तुझ्यासारखेच निघाले म्हणायचे."

"म्हणजे?"

"त्या दिशी तू येवढी नदी वलांडलीस, लगीन लावलंस, अन् पान एकबी उलटलं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि हसूही आवरेना. हेरकथा वाचणारी मी, पण हेर माझ्या समोर हळद मोडत बसली होती!

"मग नारळ काहून फोडलास?"

"तिला सोडव म्हणून बोलले व्हते. पुस्तकवाल्यानं न्हाई सोडवली, तू सोडवलीस. नवस फेडावाच लागतो." मग ती माझ्याकडं वळली. "आता खरं सांग. काय केलं त्यांनी तिचं?"

मी सांगितलं. नदीकाठ, पहाट, गोळी. मरेपर्यंत तिनं एकाही साथीदाराचं नाव सांगितलं नाही, तेही सांगितलं. काकूनं पदरानं डोळे पुसले आणि मग तिचा चेहरा खुलला.

"पुस्तकच चांगलं हाय," ती म्हणाली. "तुमी दोघांनी तिला कुणाची तरी बायको करून टाकलं. पुस्तकात ती शेवटपर्यंत हेर व्हती."