घाबरायचं काम

पहिला फुगा आबांच्या तोंडावर फुटला. लाल रंगाचं पाणी मिशांतून गळ्यात उतरलं. काठावरून टाळ्या पडल्या.

आबा म्हणजे माझे वडील. पासष्टीचे. पवनेच्या धरणात मासे मारून त्यांनी आम्हाला वाढवलं. मीही त्यांच्याबरोबर तेच करते. तिकोणा पेठेच्या बाजूला एका रिसॉर्टच्या धक्क्याला आमची होडी बांधलेली असायची. बाकी काठ कुंपणांत गेला, उरला तो चिखल. त्यामुळे मॅनेजर बोलावील तेव्हा जायचं, हे ठरलेलंच. त्या रविवारी त्याने खेळासाठी बोलावलं.

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचे लोक आले होते. खेळ लढाईचा. मॅनेजरने भोंग्यावरून समजावलं. जुना काळ आहे. गोऱ्या साहेबाची वसाहत आहे. आसपासच्या मुलखात युद्ध पेटलंय. परक्या युद्धनौका वसाहतीतल्या गरीब मच्छीमारांवर चालून येतात आणि आपलं आरमार त्यांना वाचवतं. एका मोटारबोटीवर काळं निशाण, ती परकी. दुसरीवर निळं, ती आपली. मच्छीमार म्हणून आम्ही. खरेखुरे, आणि आयते.

"तुम्ही काही करायचं नाही, काका," मॅनेजर आबांना म्हणाला. "फक्त घाबरायचं. निळी बोट आली की हात जोडून ओरडायचं, वाचवा साहेब!"

घाबरायचं काम. आबांनी मान डोलावली. मीही डोलावली.

काळ्या निशाणाची बोट आमच्याभोवती घिरट्या घालायला लागली. फुगे. रंग. एकाने चावून संपवलेलं कणीस फेकलं, ते खेळाच्या नियमात नव्हतं. आबांच्या कानावर लागलं. ते ओरडले, "वाचवा सायेब!" निळी बोट सुसाट आली. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना वर ओढलं. लेंगा होडीच्या खिळ्याला अडकला आणि टरकन फाटला. आबा उघड्या मांड्यांनी त्यांच्या बोटीत पालथे पडले. वाचले म्हणे. सगळ्यांचे मोबाइल वर गेले.

आणि मी हसले. लपवणार नाही. सगळे हसत होते, म्हणून मीही दात काढले. बापाची अब्रू निघत असताना. त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही.

"काय नॅचरल अॅक्टिंग, काका!" एक बाई म्हणाली. आबांनी फाटका लेंगा एका मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने तिला सलाम केला.

मग जेवणं झाली. त्यांची. उरलेलं आम्हाला कागदी ताटल्यांत धक्क्यावर आणून दिलं. आबांनी माझ्याकडे न बघता खाल्लं.

दुपारी बाजू बदलल्या. काळ्यांनी निळं निशाण लावलं, निळ्यांनी काळं. सकाळी कणीस मारणारा आता आमचा तारणहार. बोटी त्याच, माणसं तीच, आम्ही मात्र होतो तिथेच, घाबरायला. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं. मारणारेही हेच, वाचवणारेही हेच. आपण नुसतं मध्ये बसायचं.

निळी बोट आम्हाला वाचवायला आली ती थेट आमच्या जाळ्यावरून. पहाटे टाकलेलं जाळं. वर रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. आईने अख्खा पावसाळा बसून सांधलेलं ते जाळं बोटीच्या पंख्यात गुंडाळलं, चिंध्या झाल्या, इंजिन बंद पडलं. चिलापी माशांचे तुकडे पाण्यावर आले.

"शी! काय घाण वास!" कणीसवाल्याने नाक धरलं.

मॅनेजर काठावरून भोंग्यात ओरडला, "परत घेऊ! काका, जोरात. ताई, तू पण. वाचवा साहेब!"

आबांनी हात जोडले. मी ते धरले आणि सोडवले.

"न्हाई वरडायचं, आबा."

"अगं, मग होडी कुटं लावायची?"

प्रश्न खरा होता. तरी मी उभी राहिले आणि काठाकडे ओरडले, "आमी न्हाई वरडनार! जाळं तुमी फाडलं. तुमच्यापासून आमाला कोन वाचवनार, ते आदी सांगा!"

काठावर टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, हेही खेळातलंच. शी.

मॅनेजरला मात्र बरोबर कळलं. मुद्दाम भोंग्यावरूनच तो म्हणाला, "उद्यापासून होडी इथे दिसायला नको."

आता होडी पलीकडच्या काठाला असते. गुडघाभर चिखल तुडवत, डोक्यावर टोपली घेऊन रस्त्याला यावं लागतं. आबा कितीतरी दिवस होडीकडे फिरकले नाहीत. आता होडीत येऊन बसतात, पण माझ्याकडे पाठ करून. असू देत. नवं जाळं मी त्याच पाण्यात टाकलंय, रिसॉर्टच्या अगदी समोर. इंजिनाचा आवाज आला की होडी जाळ्याच्या आडवी घालते आणि वल्हं मांडीवर घेऊन बसते. बोटीवरचे ओरडतात, "ए बाई, बाजूला हो!"

मी होत नाही. वळायचं असेल तर त्यांनी वळावं.